शेवटचा अर्धा इंच

९ जानेवारी

मामा,

अक्षर ओळखलंस का? नसेल तर सांगते, मी ढलपी. तुझ्या बाकाखाली बसून रंध्यातून पडणाऱ्या ढलप्या केसांत खोवणारी तुझी भाची. अकरा वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम पत्र, म्हणजे काहीतरी काम असणार, हे तू ताडलंच असशील. आहेच काम. फोन केला असता, पण कारखान्यातल्या मशीनपायी तुझे कान गेल्याचं कळलं. हे ओरडून सांगण्यासारखं नाही. लहानपणी तुला 'तू' म्हणायचे, आता 'तुम्ही' लिहायला गेले तर पेनच अडलं. चालवून घे.

सोबत मासिकाचं एक पान जोडलंय. त्यातली खुर्ची बघ. मी कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात मागच्या खोलीत काम करते, लोकांच्या पँटी आखूड करते आणि कंबरा सैल करते. पुढे गिऱ्हाइकांसाठी अशी गुळगुळीत मासिकं ठेवलेली असतात, त्यातलं हे पान मी हळूच फाडलं. किमतीच्या जागी 'चौकशी करा' असं छापलंय. म्हणजे आपल्यासारख्यांनी नुसती चौकशीच करायची.

तर मी ठरवलं की घरीच करू. हल्ली सगळेच करतात. एका व्हिडिओत एक बाई अशीच महागडी खुर्ची दोन तासांत करते आणि शेवटी तिच्यात बसून हसते. मी चार रविवार घालवले. प्लायवूड, स्क्रू, गोंद, वर अक्रोडाच्या रंगाचं पॉलिश. लांबून बघितलं तर हुबेहूब! बसल्यावर मागचा पाय 'कट' म्हणाला आणि खुर्ची तिरकी होऊन खाली आली. कुणाला लागलं नाही.

ही खुर्ची कशी करायची ते सांगशील का? माझ्याच खोलीसाठी हवी आहे, बाकी काही नाही. घरी सगळं ठीक आहे, आईही बरी आहे. हे पत्र लिहिल्याचं तिला माहीत नाही, हेही सांगून टाकते.

तुझी
ढलपी


१७ जानेवारी

ढलपे,

पत्र मिळालं. अक्षर पाकिटावरच ओळखलं. 'ढ' चं पोट अजून तेवढंच मोठं काढतेस.

पान परत पाठवतोय. ही खुर्ची करू नकोस. दुसरी कुठलीही सांग, शिकवतो. ही नको.

प्लायवूडच्या कडेत स्क्रू मारलास ना? मारलाच असशील. तिथे तो धरत नाही, पापुद्रे सुटतात. आणि मापं तू या चित्रावरून काढलीस, ते तर बोलूच नकोस. चित्रात पुढचा पाय मोठा दिसतो, मागचा लहान. फोटोला थर्मामीटर लावून ताप कळत नाही. व्हिडिओतली बाई हसते कारण ती बसून लगेच उठते. रोज बसायला लागली तर तीही पडेल.

तुला एक साधं स्टूल सांगतो. चार पाय, एक फळी, दोन आडव्या काठ्या. तुझ्या हातून होईल.

कुणाला लागलं नाही असं लिहिलंस. मोडली तेव्हा तिच्यात कोण बसलं होतं ते लिहिलं नाहीस.

मामा


२५ जानेवारी

मामा,

मीच बसले होते. आणखी कोण बसणार? वजन वाढलंय माझं, आता हसून घे.

स्टूल मला नको. स्टुलाला पाठ नसते, हात नसतात. आणि 'ही नको' म्हणजे काय? लहानपणी तू मला कुठल्याच गोष्टीला कारणाशिवाय नाही म्हटलं नव्हतंस. पटाशीला हात लावू नको म्हणालास तेव्हाही स्वतःच्या अंगठ्यावरचा व्रण दाखवला होतास.

मला हीच का हवी ते ऐक. मासिकात लिहिलंय, 'डावा हात उजव्यापेक्षा खाली आणि अगदी पातळ. अपूर्णतेचं सौंदर्य मांडणारी एका मोठ्या कलावंताची धाडसी रेषा.' ती रेषा आणि ते सौंदर्य गेलं खड्ड्यात. मला फक्त तो खाली असलेला डावा हात हवा आहे. शिवणकामाने माझा डावा खांदा धरतो. दुकानांतून पंधरा-वीस खुर्च्यांत बसून बघितलं, सगळ्यांचे दोन्ही हात सारखे. अशी ही एकच दिसली.

लाकूड आहे माझ्याकडे. आपला जुना पलंग मोडायला काढलाय, कारण आईला आता उंचीचा लोखंडी पलंग बरा पडतो. त्याचे चार पाय आणि दोन लांब पट्ट्या अशा आहेत की त्यांच्यापुढे माझी सुई वाकेल. बैठकीखाली ताणायला जुन्या प्रवासी बॅगांचे पट्टे आहेत. गादीचा फोम मी कापून शिवेन, ते तर माझंच काम. फक्त लाकडाची अक्कल नाही, ती तू दे.

बाबा गेले तेव्हाही तू आला नाहीस. ते मी विचारत नाही. आता एवढं कर.

ढलपी


२ फेब्रुवारी

ढलपे,

बरं. करू.

आता मी सांगतो तसंच करायचं. मध्ये अक्कल चालवायची नाही.

बोटभर रुंद, सरळ अशी एक लाकडी पट्टी घे. खुर्चीत जो बसणार त्याला कडक, सपाट जागी बसव. पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. पट्टी शेजारी उभी धर आणि पेन्सिलीने रेघा मार. गुडघ्यामागच्या खोबणीला पहिली. डाव्या कोपराला दुसरी. उजव्या कोपराला तिसरी. खांद्याच्या पात्याला चौथी. मग पट्टी आडवी करून दुसऱ्या अंगाला पाठीपासून गुडघ्यामागपर्यंतचं आणि कमरेच्या रुंदीचं माप घे. आकडे लिहू नकोस. तुझ्या टेपने मोजू नकोस. आकडा लिहिताना चुकतो, ऐकताना चुकतो. रेघ जिथे मारली तिथेच राहते. मी चाळीस वर्षं अशाच पट्ट्यांवर काम केलं, प्रत्येक माणसाची एक पट्टी.

ती पट्टी पोस्टाने मला पाठव. मी तिच्यावर लाकडाच्या खुणा करून परत पाठवीन. मग तुला काही मोजावं लागणार नाही, पट्टी लाकडाला लावायची आणि कापायचं.

आणखी एक. खुर्चीचे हात नेहमी रेघेपेक्षा अर्धा इंच जास्त ठेवायचे. माणूस बसल्यावर, त्याच्या कोपराकडे बघून, तो शेवटचा अर्धा इंच रंध्याने काढायचा. माणूस बसल्याशिवाय खुर्ची पुरी करायची नाही.

स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही. दुसऱ्या कुणाची तरी मदत लागेल.

मामा


११ फेब्रुवारी

मामा,

पट्टी पाठवतेय, वर्तमानपत्रात गुंडाळून. पोस्टातल्या बाईने विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, माणूस. तिने चटकन शिक्का मारला.

मदतीला शेजारीण आली होती, तिने रेघा मारल्या. तुझं ते अर्ध्या इंचाचं ऐकून मला हसू आलं. आम्हीही शिवणीत कापड जास्त सोडतो, गिऱ्हाईक अंगात घालून आरशासमोर उभं राहिलं की मग ठरवतो. तुझी विद्या म्हणजे माझीच आहे, फक्त जड.

मध्यंतरी रंगाचा शोध लावला. स्वयंपाकघरातलं व्हिनेगर घेतलं, त्यात भांडी घासायचा तारेचा गोळा आठवडाभर बुडवून ठेवला. आधी लाकडाला कडक चहाचं पाणी लावायचं, वाळलं की वर हे. डोळ्यांदेखत लाकूड काळंभोर होतं, शंभर वर्षांचं असल्यासारखं. मासिकातल्या खुर्चीचा रंग असाच आहे. एका तुकड्यावर करून बघितलं आणि एकटीच टाळ्या वाजवल्या.

लवकर परत पाठव. घाई आहे असं नाही, पण लवकर पाठव.

ढलपी


१९ फेब्रुवारी

ढलपे,

पट्टी कालच आली. रात्रभर बाकावर तशीच ठेवली होती. आज लिहितोय.

ही मापं तुझी नाहीत.

टाचेपासून गुडघ्यामागपर्यंत ही एवढी लांबी. तू बापाच्या वळणावर गेलीस, सोळाव्या वर्षी तुझी वाढ थांबली. दाराच्या चौकटीवर तुझ्या उंचीच्या खुणा मीच करत होतो. आमच्या घरात एवढ्या लांब पायांचं एकच माणूस आहे. लहानपणी शाळेत जाताना ती एक पाऊल टाकायची आणि मला दोन टाकावी लागायची.

डाव्या कोपराची रेघ उजव्यापेक्षा दोन इंच खाली आहे. आणि ती एक नाही, तीन आहेत, एकाखाली एक. हात जागेवर राहत नव्हता, सारखा घसरत होता, म्हणून पुन्हा पुन्हा मारावी लागली. शेजारणीने नाही मारल्या. पेन्सिल शिंप्यासारखी तिरकी धरलेली दिसते. तूच मारल्यास.

तुझ्या लोखंडी पलंगाचं मी पंचवीस तारखेच्या पत्रातच वाचलं होतं. पुढे विचार केला नाही. खरं तर केला नाही असं नाही, करायचा नव्हता.

ताईला काय झालंय? कधी झालं? ती खुर्ची मोडली तेव्हा तिच्यात तीच होती ना?

खोटं लिहू नकोस. माझ्याकडे पट्टी आहे.

मामा


२४ फेब्रुवारी

मामा,

पत्र वाचून मी दुकानाच्या मागच्या खोलीत कपड्यांच्या ढिगात तोंड खुपसून रडले. किती महिने कुणाला सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये सकाळी चहाचा कप तिच्या डाव्या हातातून पडला. कप उचलायला वाकली आणि तशीच खाली गेली. डावं अंग गेलं. बोलणं थोडं जड झालंय, पण डोकं चोख आहे, आणि जिभेची धार तर तुला माहीतच आहे. डावा पाय आता जरा टाकते. डावा हात नाही.

डॉक्टर म्हणतात, तिने रोज तीन-चार तास ताठ बसलं पाहिजे. नुसती पडून राहिली तर छातीत कफ भरतो. डिसेंबरमध्ये एकदा भरला होता, तेव्हा नऊ दिवस इस्पितळात काढले. पुन्हा भरला तर या वेळेसारखी निभावेलच असं नाही, असं ते मला बाहेर बोलावून म्हणाले. आणि ती बसत नाही, मामा. चाकांच्या खुर्चीत बसवलं तर म्हणते, मला अजून कुठे न्यायचं नाहीये, चाकं काढा. साध्या खुर्चीत डावा हात उचलून खुर्चीच्या उंच हातावर ठेवायला गेलं की खांदा दुखतो, खाली सोडला तर सगळं अंग डावीकडे कलतं. मग 'मला आडवी कर' म्हणते आणि भिंतीकडे तोंड करते. म्हणून ती खुर्ची बघून मी वेडी झाले.

हो, मोडली तेव्हा तीच होती. मांडीला मोठा काळानिळा डाग पडला. महिनाभर मला स्वतःचं तोंड आरशात बघवत नव्हतं. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुझं नाव घरात निघत नाही. मामी गेली तेव्हा मी परगावी वसतिगृहात होते, परत आले तर तू आमच्याकडे यायचा बंद झाला होतास. एकदा मी खूपच खोदून विचारलं, तर आई एवढंच म्हणाली, 'त्याने तिची खुर्ची पाच दिवसांत विकली.' मासिकातलं पान बघताना मला काही कळलं नव्हतं. तू 'ही नको' म्हणालास तेव्हापासून ते वाक्य डोक्यात फिरतंय.

खरं आहे का ते?

ढलपी


४ मार्च

ढलपे,

विकली नाही. पण जे केलं ते विकण्यापेक्षा चांगलं होतं असंही नाही. सांगतो.

तुझ्या मामीचा डावा हात आधी गेला. एकदम नाही, थोडा थोडा, महिन्या-महिन्याने. मी तिला खुर्ची केली. दोन्ही हात सारखेच होते, दीड इंच जाड फळीचे. दोन महिन्यांनी ती म्हणाली, डावा जरा उंच वाटतोय. मी रंधा मारला. महिन्याने पुन्हा मारला. तिचा खांदा खाली येत गेला आणि मी फळी काढत गेलो. ती खुर्चीतच बसलेली असायची, ढलप्या तिच्या मांडीवर पडायच्या. त्या मोजून म्हणायची, आज मी एवढी उतरले. शेवटी त्या फळीची अर्धं बोट जाडी राहिली. मासिकवाल्यांना सांग, ते सौंदर्य कुठल्या कलावंताचं नाही.

त्या नऊ महिन्यांत ताई आमच्याकडे येऊन राहिली होती. मामीला आंघोळ तिने घातली, केस तिने विंचरले. मी नुसता रंधा मारला.

मामी गेल्यावर तिसऱ्या दिवशी आमचे साहेब भेटायला आले. मी ज्यांच्या कारखान्यात होतो ते. ते खुर्चीकडेच बघत बसले. म्हणाले, ही मला अभ्यासाला देशील? मी म्हटलं, आत्ता न्या. माझ्यासमोरून न्या. रिकामी खुर्ची मला बघवत नव्हती. पाचव्या दिवशी ताई सामान आवरायला आली, म्हणाली, खुर्ची मी घेऊन जाते. मी म्हटलं, दिली. तिने विचारलं, कुणाला? मी सांगितलं. म्हणाली, विकलीस? मी गप्प बसलो. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिला सांगायला गेलो असतो तर रडलो असतो, आणि तिच्यासमोर रडायची मला लाज वाटली. तेवढ्यावरून ती निघून गेली.

इथपर्यंतचं कदाचित तिने माफ केलं असतं. पुढचं तिला माहीत नाही. चार महिन्यांनी साहेबांनी मला तसल्याच सहा खुर्च्या करायला सांगितल्या. मी केल्या. ज्यांचे दोन्ही हात धडधाकट, अशा लोकांसाठी मी माझ्या हाताने डावी फळी सहा वेळा पातळ केली. सहाव्या खुर्चीच्या ढलप्या झाडताना मला तुझी मामी आठवली आणि मी रंधा ठेवून घरी आलो. पुन्हा त्या कारखान्यात गेलो नाही. पण सहा केल्या, हे खरं आहे.

तुझे बाबा गेले तेव्हा मी आलो होतो. तुमच्या रस्त्याच्या टोकाला औषधांचं दुकान आहे, तिथे तासभर उभा राहिलो. तुमच्या दारात माणसं दिसत होती. ताई एकदा बाहेर येऊन गेली. मी तिथूनच परत फिरलो.

आता काम. पट्टी परत पाठवतोय, लाल खुणा माझ्या. पलंगाचे पाय हेच खुर्चीचे पाय. जोडाला स्क्रू नाही, एका लाकडात खाच आणि दुसऱ्याची जीभ त्यात घट्ट बसली पाहिजे. गोंद लावून दोरीने आवळ, दोरीत काठी घालून पीळ दे, दोन दिवस तशीच ठेव. घाई केलीस तर पुन्हा तोच डाग पडेल.

डावा हात पातळ करू नकोस. चित्रासारखी दिसली नाही तरी चालेल. खाली ठेव, पण पूर्ण दीड इंच जाड ठेव, आणि रेघेवरच संपव. त्या हाताला वाट बघायला लावायची नाही. अर्धा इंच फक्त उजव्यावर सोड. ती नीट बसली की कानशीने घासून तू काढून टाक.

दोन्ही हातांच्या खालच्या अंगाला, पुढच्या टोकापाशी, चार बोटं रुततील अशी खाच कर. उठताना पकड मिळते. वरून दिसत नाही, म्हणून चित्रात ती नाही.

मी सांगितलं असं तिला बोलू नकोस. माझं नाव ऐकून बसायची राहील. तिने बसणं महत्त्वाचं.

मामा


२३ मार्च

मामा,

खुर्ची झाली. दोन आठवडे लागले. दोन खाचा चुकल्या, एक बोट कापलं. पाय जोडताना दोरीचा पीळ सुटून काठी कपाळावर बसली, त्याचं टेंगूळ अजून आहे. आधी मी स्वतः बसले, मग शेजारीण, मग तिचा नवरा, तो शंभर किलोचा आहे. खुर्ची हूं की चूं करत नाही. चित्राशेजारी ठेवली तर कुणी हिला तिची गरीब बहीणही म्हणणार नाही, एवढी वेगळी झालीय. रंग मात्र तोच.

परवा सकाळी आईला बसवलं. आधी म्हणाली, पुन्हा पाडणार आहेस का? मी म्हटलं, पाड म्हणालीस तर पाडते. बसली. मी तिचा डावा हात उचलून ठेवायला गेले, तर उचलावा लागलाच नाही. तो होता तिथेच खुर्चीचा हात आला होता. अंग कललं नाही.

मग उठायचं म्हणून तिने उजव्या हाताने पकड घेतली, आणि तिची बोटं खालच्या खाचेत गेली. ती तिथेच थांबली. बोटं खाचेत फिरवत राहिली. मला म्हणाली, 'ही खाच तुला कुणी सांगितली?'

मी व्हिडिओतल्या बाईचं नाव पुढे केलं. ती म्हणाली, 'त्या बाईला विचार, माझ्या भावजयीला ती कुठे भेटली होती.'

मामा, मग माझ्याच्याने राहवलं नाही. तुझं चार तारखेचं पत्र तिला वाचून दाखवलं. सगळं. सहा खुर्च्यांचंही. तू नको म्हणाला होतास, पण तुम्ही दोघं एकमेकांपासून किती आणि काय लपवणार, आणि मध्ये मी किती खोटं बोलणार? मला वैताग आलाय आता. रागाव हवं तर.

औषधांच्या दुकानाचं वाचलं तेव्हा तिने 'थांब' म्हटलं. पुढचं दुसऱ्या दिवशी वाचलं. त्या दिवशी ती एकदाही 'आडवी कर' म्हणाली नाही. दोन तास दहा मिनिटं बसली. मी घड्याळ लावलं होतं.

आज सकाळी कागद आणि पेन मागितलं. काय लिहिलंय ते मला दाखवत नाही. पाकीट स्वतः चिकटवलं, जिभेने आणि एका हाताने. माझ्या पत्रासोबत तेही पाठवतेय.

ढलपी


२३ मार्च

धाकट्या,

उजवा हात शाबूत आहे म्हणून माझी मीच लिहितेय. पोरगी म्हणाली, तू सांग, मी लिहून घेते. तिला म्हटलं, तुझी पत्रं भरपूर लिहून झाली, आता गप्प बस.

खुर्चीत बसूनच लिहितेय. आज तिसरा तास चालू आहे.

'बघवत नाही' एवढे दोन शब्द तेव्हा बोलला असतास तर मी काय तुला खाल्लं असतं? तिला नऊ महिने मी आंघोळ घातली, मला बघवत होतं का? माझ्यासमोर रडायची लाज वाटली म्हणे. लहानपणी विंचू चावला तेव्हा माझ्या कडेवर बसून गल्ली डोक्यावर घेतली होतीस, ती लाज तेव्हा कुठे गेली होती?

त्या सहा खुर्च्यांचं मला आवडलं नाही. पुढेही आवडणार नाही. आवडलं असं मी तुझ्या समाधानासाठी लिहिणार नाही. पण तू ते लपवलं असतंस तर मला कधीच कळलं नसतं, आणि तू लिहिलंस.

तू पत्र टाकलं नाहीस, तसं मीही टाकलं नाही. अकरा वर्षं माझे तर दोन्ही हात चालत होते.

आता तक्रार. खुर्चीचा उजवा हात अर्धा इंच उंच आहे. लिहिताना खांदा वर ओढावा लागतो, म्हणून अक्षर असं आलंय. पोरगी काल कानस घेऊन आली होती. मी तिला हात लावू दिला नाही. ते काम तिचं नाही.

रंधा घेऊन ये. मी बसलेली असेन, ढलप्या मांडीवर पडल्या तरी चालतील. कान गेलेत म्हणतात तुझे, ते एका परीने बरंच झालं. मला जे बोलायचंय ते ओरडूनच बोलायचं आहे.

खुर्ची मी खिडकीला लावून घेतलीय. इथून रस्त्याचं टोक दिसतं आणि औषधांचं दुकानही दिसतं. या वेळी तिथून परत फिरलास तर मला दिसेल.

ताई